काकांच्या परड्यातलं सामान महापालिका उचलणार म्हणते. काय करता येईल?

गावभागची लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे सख्खे काका सांगलीत, गावभागात राहतात. वय 74. काकू गेल्यापासून एकटेच. सगळी हयात मोटर वाइंडिंगमध्ये गेली. शेतीपंप असो, पिठाच्या गिरणीची मोटर असो नाहीतर कुणाच्या घरचा मिक्सर, जळालेलं आणायचं आणि काकांनी भरून द्यायचं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण हात काही थांबले नाहीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे विचार करा. पाणी उतरल्यावर लोकांनी घरातलं भिजलेलं सगळं रस्त्यावर आणून टाकलं. गाद्या, कपाटं, फ्रीज, वॉशिंग मशीन, टुल्लू पंप. गल्लोगल्ली ढीग लागले होते. लोक रडत होते आणि आमचे काका कुणाची तरी हातगाडी घेऊन ढिगांमधून फिरत होते. "मोटर भिजली म्हणजे मेली नव्हे. वाळवायची, वार्निश मारायचं, फिरते." हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. दोन-चार शेजाऱ्यांचे मिक्सर त्यांनी त्या महिन्यात फुकट चालू करून दिले. 2021 च्या जुलैत परत पूर आला, परत ढीग, परत हातगाडी.

आता परडं कसं आहे सांगते. भिंतीलगत वॉशिंग मशीनच्या बॉड्या एकावर एक. खाली टेकण म्हणून टायर. कूलरच्या टाक्या, दरवाजे निघालेले फ्रीज, पेंटचे डबे आणि त्या डब्यांत नट-बोल्ट. आडापर्यंत जायला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. तुळशी वृंदावनाची एकच बाजू दिसते. घराच्या आत मात्र नीटनेटकं आहे. स्वयंपाकघर, खाट, देव सगळं जागच्या जागी.

मागच्या घरातल्या मुलाला डेंग्यू झाला. त्यांनी तक्रार केली. महापालिकेची माणसं आली, डब्या-टायरांत अळ्या दिसल्या, फोटो काढले आणि नोटीस लावून गेली: मुदतीत सामान हलवा, नाहीतर आम्ही उचलू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. काकांनी ती नोटीस दारावरून सोडवली, घडी घातली आणि जुन्या बिलांच्या तारेला अडकवून ठेवली. म्हणजे तीही आता संग्रहात.

मी पुण्यात. माझे प्रश्न: स्वतःच्या जागेत असं घुसून सामान नेता येतं का? कोर्टातून स्थगिती मिळेल का? आणि काकांशी बोलायचं कसं? मी विषय काढला की ते म्हणतात, "तुझ्या बापानं पुरात सायकल टाकली, ती मी अजून चालवतोय."

---

चौथा मजला

ताई, राग मानू नका, मी भिंतीपलीकडचा माणूस आहे. आमच्या शेजारी असंच एक आवार होतं. उंदीर आमच्याकडे, घुशी आमच्याकडे, पावसाळ्यात साप आमच्याकडे. शेजाऱ्याला काही बोलावं तर "माझी जागा, माझं सामान." अहो, सामान तुमचं असेल, डास कुणाचे? त्या मुलाच्या आईचा विचार करा. प्लेटलेट्स खाली जायला लागल्यावर दवाखान्यात काय अवस्था होते ते मी पाहिलंय. माझ्या मते स्थगितीच्या भानगडीत पडूच नका.

---

काळा कोट

थोडक्यात सांगतो. मुंबईसाठी 1888 चा वेगळा कायदा आहे. सांगलीला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू. दोन्हींत तत्त्व तेच: खासगी जागेतल्या घाणीमुळे किंवा साठलेल्या पाण्यामुळे आजार पसरत असेल तर आयुक्त नोटीस देऊन ते काढायला सांगू शकतात. नाही काढलं तर स्वतः काढून खर्च लावू शकतात, आणि हा खर्च थकलेल्या करासारखा वसूल होतो. म्हणजे बिल फाडून टाकलं म्हणून सुटका नाही. आत यायचं ते सर्वसाधारणपणे दिवसाउजेडी आणि आधी कळवून.

याशिवाय कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा मार्ग वेगळा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 152. शेजारी तिथेही जाऊ शकतात.

महापालिकेनं दुर्लक्ष करावं अशी आशा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाचा 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल आहे. उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध तिथले रहिवासी भांडले होते. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, न्यायालय म्हणालं ही सबब चालणार नाही. लेखी तक्रार आणि अळीचे फोटो हाती असताना कुठलाच अधिकारी गप्प बसण्याची जोखीम घेणार नाही.

स्थगिती? अळी सापडल्यावर अवघड आहे. त्यापेक्षा मुदतवाढ मागा, लेखी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी "बघू" ला काही किंमत नाही.

---

फवारणीवाले आबा

ताई, मी एका महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. आता निवृत्त. कुठली महापालिका ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात आमच्याच लोकांची चहाडी आहे.

पहिली गोष्ट. नोटीस नीट वाचा. तारेवरून काढा आणि वाचा. त्यात "सर्व सामान हटवा" लिहिलंय की "पाणी साठणाऱ्या वस्तू" असं लिहिलंय? बहुतेक ठिकाणी कारण डासोत्पत्तीचं असतं आणि खाली मोघम "भंगार" असा शब्द टाकलेला असतो. तुमचं सगळं काम या फरकावर आहे.

डेंग्यूचा डास गटारात होत नाही. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, आणि तेही थोडंसंच. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. पाणी आटलं तरी अंडी तशीच महिनोन्‌महिने टिकतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून आम्ही घसा कोरडा करायचो. डबा नुसता पालथा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. हा डास फार लांब उडतही नाही, शे-दोनशे मीटरच्या आतला खेळ असतो. मागच्या घरातल्या मुलाला काकांच्याच परड्यातल्या डासानं चावलं असेल असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण संशय घेतला तर तो अगदीच वेडगळ नाही.

आता काकांच्या सामानाकडे या डोळ्यानं बघा. मोटरीत पाणी साठत नाही. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात साठत नाही. बीडाच्या बॉडीत क्वचित. साठतं कशात? टायर, कूलरची टाकी, फ्रीजच्या मागचा ट्रे, वॉशिंग मशीनचा टब, पेंटचे डबे. म्हणजे ज्यात काकांचा जीव आहे ते सामान गुन्हेगार नाहीच. ज्यावर ते रचलंय आणि ज्यात ते भरलंय, ते आहे. हे त्यांना तुम्ही सांगू नका. एक बॅटरी द्या हातात आणि टायरात उजेड मारून बघायला लावा. अळ्या उजेडाला दचकून खाली पळतात. ज्या माणसानं आयुष्यभर जळका वेढा शोधून काढला, त्याला तेवढं दिसलं की पुरे.

दुसरी गोष्ट. जेसीबी येऊ देऊ नका. कायद्यात ते बसत नाही म्हणून नव्हे. जेसीबीला वाचता येत नाही म्हणून. आमच्याकडे एका म्हाताऱ्याचं आवार दुसऱ्या पथकानं साफ केलं. सकाळी जेसीबी, दोन टिपर, दुपारपर्यंत मोकळं मैदान. मुकादमानं सामानाची यादी केली नाही, पंचनाम्यात "अंदाजे दोन गाड्या भंगार" एवढीच नोंद. एका लोखंडी पेटीत जागेचं खरेदीखत होतं, तीही गेली कचरा डेपोवर. मग तो माणूस डेपोवर रोज जाऊन बसायला लागला, आणि येताना रिकाम्या हातानं यायचा नाही. वर्ष सरायच्या आत आवार परत भरलं, आणि या वेळी पहिल्यापेक्षा घाण सामानानं, कारण पहिलं त्यानं निवडून आणलेलं होतं आणि हे डेपोवरचं. साहेब म्हणाले, "परत नोटीस काढा." काढली की. नोटीस काढायला काय जातं.

तिसरी गोष्ट, हा प्रश्न आहे. काका वायरी जाळतात का? जुना वेढा सुटावा म्हणून मोटर भाजतात का? खरं सांगा. वायरीवरच्या प्लास्टिकचा, पीव्हीसीचा, धूर विषारी असतो, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीत ते असेल तर प्रकरण डासांपुरतं राहत नाही.

चौथा मजला, तुमचं बरोबर आहे. पण भिंतीपलीकडून ओरडणारे पुष्कळ पाहिले. टायर उचलू लागायला एकही आला नाही.

---

ओहायोतला मिरजकर

गंमत म्हणून सांगतो, इथे तर अंगणातलं गवत वाढलं तरी शहराचा माणूस दाराला कागद लावून जातो. बंद पडलेली गाडी आवारात उभी ठेवली तरी तेच. ऐकलं नाही की शहराचा कंत्राटदार येतो आणि खर्चाचा बोजा थेट घरावर चढतो. घर विकताना तो आधी फेडायचा.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधली कॉलियर भावांची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत असते. होमर आणि लँगली. फिफ्थ अव्हेन्यूवरचं घर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी, पियानोंनी, कशाकशानं भरलेलं. होमर आंधळा आणि खिळलेला, लँगली त्याचं सगळं करायचा. चोर येतील म्हणून लँगलीनं गठ्ठ्यांमध्ये सापळे लावले होते. 1947 च्या मार्चमध्ये पोलिसांना होमर मेलेला सापडला. लँगलीचा शोध शहरभर चालला, आणि तो निघाला त्याच घरात, भावापासून काही फुटांवर, स्वतःच्याच सापळ्याखाली दबलेला. घरातून शंभर टनांवर सामान निघालं. नंतर घरच पाडलं.

---

गावभागची लेक

मिरजकर, ही गोष्ट मी काकांना सांगणार नाही. पण आडाजवळची ती एक माणूस आडवा जाईल अशी वाट डोळ्यांपुढून हलत नाहीये, तेवढं खरं.

काळा कोट, मुदतवाढीचा अर्ज दिला, शिक्का घेतला. धन्यवाद.

आबा, तुमचा तर्क बरोबर निघाला. नोटिशीत "पाणी साठणाऱ्या वस्तू व भंगार" असं आहे. आणि हो, जाळतात. रविवारी सकाळी, आडाच्या मागे, पत्र्याच्या डब्यात. शेजारच्या वहिनींनी मला फोनवर तेच आधी सांगितलं, डेंग्यूचं नंतर. "वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात हो" म्हणाल्या.

मी सांगलीला आले आहे. बॅटरीचा प्रयोग केला. काकांनी टायरात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "हे टायर माझे नव्हेतच. पुढच्या गॅरेजवाल्यानं ठेवायला दिलेत." मग गॅरेजवाल्याला बोलावून आणलं. त्यानं कबूल केलं आणि दुपारी टेंपो आणून टायर घेऊनही गेला! वर्षानुवर्षं आम्ही काकांना ज्याबद्दल बोलत होतो त्यातलं बरंचसं दुसऱ्यांचं आहे. गल्लीत कुणाला काही टाकवत नसलं की "काकांकडे ठेवू या." आता तेच लोक तक्रारीवर सह्या करतात.

पण पुढे गाडं अडलंय. भंगारवाल्याला आणलं तर काका प्रत्येक मोटर हातात घेऊन तिचा इतिहास सांगतात. कुणाची, कुठल्या पुरातली, किती एचपी. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो. दोघांचं जमत नाही.

---

सुमनताई (समुपदेशक)

वस्तू टाकताना जीव कासावीस होणं, घर वापरता न येण्याइतका साठा होणं, हा एक स्वतंत्र मानसिक विकार म्हणून 2013 पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात आहे. तुमच्या वर्णनावरून काकांचं तसंच आहे असं म्हणायची घाई मी करणार नाही. स्वयंपाकघर आणि खाट मोकळी आहे ही चांगली खूण. तरी काकू गेल्यानंतर साठवणं वाढलं का, झोप-जेवण कसं आहे, हे बघा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि त्यांच्या पाठीमागे, ते देवळात गेलेत तेवढ्यात, काही हलवू नका. एकदा विश्वास गेला की पुढची वस्तू दाखवायलाच तयार होणार नाहीत.

---

फवारणीवाले आबा

सुमनताईंचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत छापून ठेवा.

भंगारवाल्याचं असं आहे. त्याला वजन कळतं, काकांना मोटर कळते. मधे तिसरा माणूस हवा. तुमच्याकडे कुपवाडला, माधवनगरला एमआयडीसी-कारखान्यांचा भाग आहे, वाइंडिंगवाली पोरं असतीलच. एखादा काकांच्या हाताखाली शिकलेलाही असेल. त्याला बोलवा. चालण्यासारख्या मोटरी तो मोटर म्हणून घेईल, किलोवर नाही. काका त्याला इतिहास सांगतील आणि तो ऐकेल, कारण त्यात त्याचाही धंदा आहे. उरलेलं भंगारवाल्याला, तांबं वेगळं, बीड वेगळं, पत्रा वेगळा. एकत्र दिलं तर पत्र्याच्या भावात तांबं जातं, आणि ते काकांना सहन होणार नाही. मलाही झालं नसतं.

फ्रीज मात्र भंगारवाल्याला तोडायला देऊ नका. गॅस हवेत, तेल मातीत. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम आहेत, नोंदणी असलेल्या ठिकाणीच द्यायचं. महापालिकेला विचारा, गोळा करण्याचं ठिकाण त्यांना माहीत असतं.

जाळणं आजपासून बंद. यावर वाटाघाट नाही. साल काढायची छोटी हातयंत्रं मिळतात, वायर घातली की प्लास्टिक चिरून निघतं. काकांना यंत्र दाखवा, समजावत बसू नका. नव्या यंत्रापुढे असली माणसं विरघळतात.

आणि मुदत संपायच्या आधी स्वतः प्रभाग कार्यालयात जाऊन निरीक्षकाला बोलवा. "पाणी साठणारं सगळं काढलंय, येऊन बघा आणि पुनर्तपासणीची नोंद करा" असं लेखी द्या. आमच्यासारख्याला कुणी स्वतःहून बोलावलं की आधी चक्करच यायची. पण मग पेन हलकं चालायचं. परड्याला शेड असेल तर उरलेलं शेडखाली, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर लांब. म्हणजे मागे झाडता येतं आणि उंदरांना आडोसा राहत नाही.

---

गावभागची लेक

आबा, माधवनगरचा एकजण सापडला. काकांकडे दहावीनंतर शिकायला यायचा, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. आल्या आल्या पाया पडला आणि काका तिथेच निम्मे पाघळले. दोघं सकाळपासून परड्यात बसलेत, मेगर (वेढ्याचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन एकेक मोटर तपासतायत. खडूनं खुणा चालल्यात: गोल म्हणजे न्यायची, फुली म्हणजे भंगार. फुल्या फार कमी पडतायत, पण पडतायत. मी फक्त चहा करते.

साल काढायचं यंत्र त्या पोरानंच आणलं. काकांनी ते उघडून पाहिलं, पातं चुकीच्या कोनात बसवलंय म्हणाले, आता ते यंत्रच दुरुस्त चाललंय.

तुळशी वृंदावनाच्या तीन बाजू मोकळ्या झाल्या. आडापर्यंत सरळ चालत जाता येतं. निरीक्षक सोमवारी येतो म्हणालेत. मागच्या वहिनींकडे काका अजून गेलेले नाहीत, पण मुलाची तब्येत कशी आहे हे मला दोनदा विचारून झालं.

एक अडचण. वॉशिंग मशीनच्या बॉड्या ते सोडायला तयार नाहीत. आतला ड्रम जाळीचाच असतो, पाणी साठतं ते बाहेरच्या टबात, मग टबाला भोकं पाडली की झालं, असं त्यांचं म्हणणं. हे चालेल का? सोमवारी निरीक्षकाला पटेल?

---

फवारणीवाले आबा

चालेल. पण भोक तळाला पाडायचं, कडेला नाही. कडेला पाडलं तर खाली बोटभर पाणी राहतंच, आणि अळीला बोटभर पुरतं. टबाला तळाशी पाणी जायची वाट मुळात असते, पुराची माती बसून ती बुजली असणार, ती आधी मोकळी करा. आतून घासून घ्या, मगाशी अंड्यांचं सांगितलं ते लक्षात ठेवा. मग पालथ्या घाला आणि शेडखाली न्या.

सोमवारी निरीक्षकापुढे एका टबात बादलीभर पाणी ओतून दाखवा. आणि ड्रिल काकांनाच मारू द्या.